कॉन्सर्टच्या रेकॉर्डिंगमध्ये बेस फाटतोय? आधी हे बघा

हातातल्या छोट्या रेकॉर्डरवर लेव्हल कमी ठेवली, मीटर लालमध्ये गेलाच नाही, तरी घरी येऊन ऐकलं की किक ड्रम आला की नुसतं भर्रर्र. हे खूप जणांचं होतं.

फाईल एडिटरमध्ये उघडून झूम करा. लाटेची डोकी शून्याच्या (म्हणजे फाईलमध्ये मावणाऱ्या कमाल आवाजाच्या) बरीच खाली, म्हणजे समजा -८ डीबीलाच सपाट कापलेली दिसली तर घोळ रेकॉर्ड लेव्हलचा नाहीये, सिग्नल त्याच्या आधीच म्हणजे माईकच्या प्रीअँपमध्ये (माईकचा बारीक सिग्नल वाढवणाऱ्या सर्किटमध्ये) नाहीतर माईकमध्येच फाटलाय, आणि मग लेव्हल कितीही खाली करा काही फरक पडत नाही. ३२ बिट फ्लोटवालं मशीन (ज्याच्या फाईलमध्ये खूप मोठा आवाजही न कापता मावतो) घेतलं तरी माईकच ओव्हरलोड झाला तर तेही काही करू शकत नाही बरं का.

उपाय म्हणजे बाहेरचे छोटे माईक असतील तर मध्ये बॅटरी बॉक्स (माईकला वीज देणारी छोटी डबी) लावून लाईन इनमध्ये (माईकच्या प्रीअँपऐवजी मोठ्या सिग्नलसाठी असलेल्या सॉकेटमध्ये) घाला, मोठ्या आवाजाला लाईन इन पुरतं. मशीनचेच माईक वापरताय तर गेन स्विच (हा प्रीअँपचा, रेकॉर्ड लेव्हलहून वेगळा) लो वर, ऑटो लेव्हल बंद, लो कट (अगदी खालचा बेस कापणारा फिल्टर) चालू. पीक, म्हणजे सगळ्यात मोठा आवाज, -१२ डीबीच्या आसपास राहू दे, २४ बिट वेव्हमध्ये नंतर आरामात वाढवता येतं.

आणि कृपा करून सबवूफरसमोर उभं राहू नका! भिंत, कोपराही नको, तिथे बेस साचतो. साऊंडवाल्याच्या टेबलाजवळ जागा मिळाली तर सोडू नका. ढोल-ताशालाही हेच सगळं, फक्त तिथे चार पावलं अजून मागे.