किडनी रिसर्चरचा एच-इंडेक्स बघताय? मग या चुका टाळा

फेलोशिपसाठी गाइड शोधणारी मुलं मला स्क्रीनशॉट पाठवतात, दोन किडनी रिसर्चरचे ऑनलाइन प्रोफाइल शेजारीशेजारी आणि खाली एकच प्रश्न, "एकाचा एच-इंडेक्स ४८, दुसऱ्याचा ३१, म्हणजे पहिलेच सर ना?" एच-इंडेक्स ४८ म्हणजे त्या माणसाच्या ४८ पेपरांना प्रत्येकी निदान ४८ सायटेशन मिळाली, म्हणजे इतर पेपरांनी त्यांचा तेवढ्या वेळा संदर्भ दिला. पण अरे बाबांनो, दोन्ही आकडे एकाच ठिकाणचे आहेत का ते तरी बघा आधी. बहुतेक वेळा एक गूगल स्कॉलरचा असतो आणि दुसरा स्कोपसचा, पेपर आणि सायटेशन मोजणाऱ्या या दोन वेगळ्या साइट. गूगल स्कॉलर थीसिस, प्रीप्रिंट (जर्नलच्या तपासणीआधीच ऑनलाइन टाकलेला पेपर), कॉन्फरन्सचं काय काय सगळंच धरतं, स्कोपस आणि तशीच तिसरी साइट वेब ऑफ सायन्स फक्त आपल्या यादीतल्या जर्नल वगैरेंमधलं मोजतात, त्यामुळे एकाच माणसाचे तीन आकडे निघतात आणि तिन्ही आपापल्या जागी बरोबर असतात.

प्रोफाइलमधले सगळे पेपर त्याच माणसाचे असतात असं धरून चालणं

ही चूक मी स्वतः केलीय. ल्युपस नेफ्रायटिसवर (ल्युपस आजारात किडनीला येणारी सूज) काम करणाऱ्या एकांची यादी बघत होतो, छान चाललं होतं, आणि मध्येच मातीतल्या नायट्रोजनवरचा पेपर! म्हटलं हे किडनीतून शेतात कधी गेले? आडनाव तेच, इनिशियल तेच, स्कॉलरने आपोआप चिकटवून टाकलेला. खाली स्क्रोल करत गेलो तर असे अकरा सापडले. स्वतःचं प्रोफाइल असेल तर ते आपोआप पेपर जोडणं बंद करा आणि आधी विचारायला सांगा, तशी सेटिंग आहे. एकच पेपर प्रीप्रिंट आणि जर्नल असा दोनदा दिसत असेल तर दोन्हींवर टिक करून मर्ज करा. दुसऱ्याचं बघताय तर १६ आकडी ऑर्किड आयडी (प्रत्येक रिसर्चरचा स्वतंत्र ओळख क्रमांक) शोधा आणि त्याखालची यादी ताडून बघा, अर्थात तीही त्या माणसाने नीट भरलेली असेल तरच कामाची.

एच-इंडेक्स म्हणजेच मोठेपणा

हे माप २००५ मध्ये जॉर्ज हिर्श नावाच्या फिजिक्सवाल्याने काढलं. समजा एकाचे पाच पेपर, सायटेशन ९००, ४०, ६, ३, २. एच-इंडेक्स किती? ३. दुसऱ्याचे पाच पेपर, प्रत्येकी ५ सायटेशन, त्याचा एच-इंडेक्स ५. आता खरं उदाहरण घ्या, २००९ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये मेम्ब्रेनस नेफ्रोपॅथी या किडनीच्या आजारातल्या पीएलए२आर अँटिबॉडीचा पेपर आला, आणि किडनीच्या आजारांसाठीच्या २०२१ च्या केडिगो या आंतरराष्ट्रीय गाइडलाइनने तर सांगून टाकलं की नेफ्रोटिक सिंड्रोम (लघवीतून खूप प्रोटीन जाणं, अंगावर सूज) आहे आणि ही अँटिबॉडी पॉझिटिव्ह आहे तर निदान पक्कं करायला बायोप्सी लागतेच असं नाही. निदानाची पद्धत बदलली राव! पण एच-इंडेक्सच्या हिशेबात तो पेपर म्हणजे फक्त एक. शिवाय हा आकडा काळाबरोबर खाली येत नाही, काम बंद केलं तरी वाढू शकतो, त्यामुळे सीनियर आणि नवख्याची तुलना त्यावर करूच नका.

सायटेशन म्हणजे शाबासकी

अजिबात नाही. २०११ मध्ये नेचर मेडिसिनमध्ये आलं की रक्तातलं सुपार नावाचं प्रोटीन हे एफएसजीएसचं, म्हणजे किडनीच्या गाळण्यांवर व्रण पडणाऱ्या आजाराचं, कारण आहे, सगळे तुटून पडले, नंतर बऱ्याच ग्रुपना दिसलं की किडनीचं काम कमी झालं की सुपार तसंही वाढतं आणि त्यावरून प्रायमरी (आपोआप झालेलं) आणि सेकंडरी (दुसऱ्या कारणाने झालेलं) एफएसजीएस नीट वेगळं काढता येत नाही. आता हे लिहिताना प्रत्येकाने मूळ पेपर साइट केलाच ना, विरोधात लिहिलं तरी मोजणीत अधिक एकच. उलट २००९ चं सीकेडी-ईपीआय समीकरण घ्या, त्यावरून ईजीएफआर (किडनी किती गाळते याचा अंदाज) काढला की मेथड्समध्ये ते टाकावंच लागतं, तिथे ना वाद ना कौतुक, नुसतं वापरलं म्हणून सायटेशन.

म्हणून टॉपचे दहा पेपर उघडा आणि ओरिजिनल किती, रिव्ह्यू किती, गाइडलाइन किती, जगभरातल्या आजारांचा हिशेब मांडणाऱ्या ग्लोबल बर्डनसारखे शेकडो ऑथर असलेले किती ते बघा. मग नाव कुठे आहे ते बघा, पहिलं (बहुतेक वेळा प्रत्यक्ष काम करणारा), शेवटचं (बहुतेक वेळा टीमचा प्रमुख) की मधल्या गर्दीत.

इम्पॅक्ट फॅक्टरबद्दल एवढंच की तो जर्नलचा दोन वर्षांचा सरासरी हिशेब आहे, माणसाचा नाही.

आणि इम्युनॉलॉजीवाल्याचे आकडे नेफ्रोलॉजीवाल्याच्या शेजारी ठेवू नका, दोन्हीकडे साइट करायचा वेगच वेगळा. ठेवायचेच असतील तर एनआयएच या अमेरिकन सरकारी संस्थेच्या आयसाइट या साइटवर आरसीआर (पेपरच्या सायटेशनचं तुलनात्मक माप) बघा, त्यात विषय आणि वर्ष दोन्ही धरलेलं असतं, १ म्हणजे एनआयएचच्या पैशावर झालेल्या पेपरांमधला मधला.

त्या ४८ आणि ३१ चं काय झालं? दोघांचे आकडे स्कोपसवर काढले तर ३४ आणि ३१. मग मी त्या मुलीला म्हटलं, आता दोघांचे गेल्या पाच वर्षांतले शेवटचा ऑथर म्हणून आलेले पेपर काढ आणि पहिल्या जागी कोणाची नावं आहेत ते बघ, विद्यार्थ्यांची की दरवेळी त्याच दोन जुन्या सहकाऱ्यांची. तिने अर्ज ३१ वाल्या मॅडमकडे केला.