स्टेन्सिल आणि पुट्टीने भिंतीवर उठावाची नक्षी

नक्षीची छिद्रं कापलेली शीट म्हणजे स्टेन्सिल; ती भिंतीवर लावून छिद्रांत पुट्टी भरली की उठावाची नक्षी तयार होते. ही नक्षी दिसते ती तिच्या सावलीमुळे. म्हणून नक्षी आणि रंग ठरवण्याआधी भिंत ठरवा. खिडकीला काटकोनात असलेल्या भिंतीवर उजेड बाजूने घासत येतो आणि दीड मिलिमीटरचा उठावही ठळक दिसतो. खिडकीच्या बरोबर समोरच्या भिंतीवर तीच नक्षी सपाट वाटते. गॅसच्या मागची भिंत टाळा, कारण खाचांत तेलकट थर बसतो आणि तो निघत नाही. सोफ्यामागे डोकी टेकतात त्या उंचीवरही नक्षी नको, कडा झिजतात.

भिंतीच्या तीन तपासण्या करा. ओल्या बोटाने चोळून पाहा: रंग बोटाला लागला तर ते डिस्टेंपर आहे, ते खरवडून काढल्याशिवाय वर काहीही टिकणार नाही. चिकटपट्टी दाबून लावा आणि झटक्यात ओढा: सोबत रंगाचे पोपडे आले तर तोही भाग खरवडायचा. तिसरी तपासणी ओलीची. फूटभर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपने बंद करून २४ तास ठेवा. आत पाण्याचे थेंब दिसले तर आधी गळतीचं काम करा. गणपतीच्या आधी घर रंगवायची आपल्याकडे पद्धत आहे, पण तो ऐन पावसाळा असतो. पावसाच्या माऱ्याकडची बाहेरची भिंत असेल तर हे काम दिवाळीनंतरच काढा. नवा सिमेंटचा गिलावा असेल तर त्याचे २८ दिवस पूर्ण होऊ द्या.

पुट्टी कोणती घ्यायची हे भिंतीवर अवलंबून. रंगवलेल्या भिंतीवर ॲक्रिलिक पुट्टी, कोऱ्या गिलाव्यावर व्हाइट सिमेंटची पुट्टी. सिमेंटची पुट्टी जुन्या इमल्शनवर (पाण्यात मिसळणाऱ्या रंगावर) नीट धरत नाही आणि काही महिन्यांत पापुद्र्यासारखी सुटते. ऑइलपेंट असेल तर १२० नंबरच्या पॉलिश पेपरने चकाकी पूर्ण घालवून प्रायमरचा एक हात द्या. पीओपी १०-१५ मिनिटांत घट्ट होतं, त्यामुळे सलग पट्टी करायला ते गैरसोयीचं. पाणी लागलं की मऊही पडतं.

स्टेन्सिलची जाडी म्हणजेच नक्षीची उंची. रंगकामासाठी चालणारी जुनी एक्स-रे फिल्म इथे फार पातळ पडते. १ ते १.५ मिमी जाडीची पॉलिप्रॉपिलीन किंवा ॲक्रिलिकची शीट घ्या. लेझरने कापून घेणार असाल तर पीव्हीसी शीट देऊ नका, तापल्यावर तिच्यातून क्लोरीनयुक्त विषारी धूर निघतो. पैठणीच्या काठावरची आसावली (फुलांची वेल), कुयरी, कमळ हे आकार या कामाला फार चांगले, कारण ते मुळातच ठसठशीत आणि वेगवेगळ्या पाकळ्यांत तुटलेले आहेत. कोणतंही छिद्र ५ मिमीपेक्षा अरुंद ठेवू नका. अरुंद फटीतली पुट्टी भिंतीऐवजी शीटलाच धरते आणि उचलताना निघून येते. दोन छिद्रांमधला पूल, म्हणजे मधली शीटची पट्टीही ५ मिमीची हवी. नक्षीभोवती चारही बाजूंनी ८-१० सेंमी कोरी कड सोडा, म्हणजे पत्रा (पुट्टी लावायची पातळ धातूची पट्टी) बाहेर घसरला तरी भिंत खराब होणार नाही.

आता आखणी. समजा भिंत ३ मीटर आहे आणि नक्षी ४२ सेंमीची. सात वेळा छापली की २९४ सेंमी होतात, ६ सेंमी उरतात. ते एका टोकाला ढकलू नका. सातांमधल्या सहा फटींत १-१ सेंमी वाटून टाका, डोळ्याला कळणारही नाही. आडवी रेघ पाणसळीने घ्या, उभी ओळंब्याने. छताची कड पाहून रेघ मारू नका, छत सरळ असेलच असं नाही.

पुट्टी किती लागेल तेही आधी काढता येतं. ३० बाय ४२ सेंमीच्या नक्षीत ४० टक्के उघडी जागा आणि दीड मिमी उंची धरली तर एका छापाला सुमारे ७५ मिली लागते. सात छापांना साधारण अर्धा लिटर, सांडलवंड धरून पाऊण लिटर, म्हणजे सव्वा किलोच्या आसपास.

सगळं काम पुट्टीच्या घट्टपणावर ठरतं. ती श्रीखंडासारखी हवी: पत्र्यावर घेऊन पत्रा उलटा केला तरी पडू नये, पण दाबली की सहज पसरावी. सिमेंटच्या पुट्टीला किलोला ३०० मिली पाण्यापासून सुरुवात करून थोडं थोडं वाढवा, मळून १० मिनिटं ठेवा आणि पुन्हा फेटा. दोन तासांत संपेल तेवढीच कालवा. घट्ट व्हायला लागलेल्या पुट्टीत पाणी घालून ती सैल केली तर वाळल्यावर तिची भुकटी होते. ॲक्रिलिक पुट्टी डब्यातून काढून तशीच वापरा, फक्त गुठळ्या मोडून घ्या.

स्टेन्सिल मास्किंग टेपने चारही बाजूंनी पक्की करा. सहा इंची पत्रा तिरका धरून आधी पातळ थर दाबून बसवा, म्हणजे पुट्टी भिंतीला आणि कोपऱ्यांना धरेल. मग भरून घ्या आणि पत्रा शीटच्या पातळीला एकाच दिशेने, एकाच दमात ओढा. मागेपुढे घासलं की पुट्टी शीटखाली शिरते. पातळ पूल बोटाने दाबून धरा, ते उचलले जातात.

पुट्टी ओली असतानाच, दोन-तीन मिनिटांत स्टेन्सिल काढा. वाळायची वाट पाहिली तर कडा शीटबरोबर तुटून येतात, ही चूक सर्वांत जास्त होते. टेप सोडवा, शीट भिंतीपासून सरळ बाहेर ओढा. आडवी सरकवली तर सगळं फासलं जाईल. कडा लगेच खाली ओघळल्या तर पुट्टी सैल आहे, ओली असतानाच खरवडून पुन्हा करा. कडेला टोकं उभी राहिली तर त्यांना हात लावू नका, ती वाळल्यावर पेपर फिरवताना जातील.

शेजारचा छाप लगेच घेऊ नका. शीटची कोरी कड ओल्या नक्षीवर बसेल. पहिल्या दिवशी १, ३, ५, ७ आणि दुसऱ्या दिवशी २, ४, ६. प्रत्येक छापानंतर शीट बादलीत धुवा; बेसिनमध्ये धुतली तर पुट्टी पाइपात घट्ट बसते. पहिले काही तास पंखा बंद ठेवा, वरचा थर आधी आकसला की केसासारख्या भेगा पडतात. तीन मिमीपेक्षा जास्त उंची एका थरात केली तरीही तेच होतं. तेवढी उंची हवी असेल तर पहिला थर वाळवून, आखणीच्या खुणांवर शीट नेमकी बसवून दुसरा द्या.

पूर्ण वाळल्यावर, दमट हवेत दोन दिवसही लागतात, २२० नंबरचा पेपर लाकडी ठोकळ्याला गुंडाळून हलक्या हाताने फिरवा. नाकावर मास्क हवाच.

रंगाआधी नक्षीवर प्रायमर द्या, नाहीतर पुट्टी रंग शोषते आणि डाग दिसतात. मग भिंतीचाच रंग आखूड केसांच्या रोलरने दोन हात. लांब केसांचा रोलर कडांत रंग साठवतो आणि उठाव बुजतो. सोनेरी किंवा तांब्याचा रंग हवा असेल तर फोमचा रोलर आधी कागदावर जवळजवळ कोरडा करून नुसत्या माथ्यावरून फिरवा, दाब न देता.