बिटवाइज ऑपरेटर शिकताना या चुका टाळा

नाशिकमध्ये कॉलेज रोड आणि गंगापूर रोड परिसरातील अभ्यासिकांत मुलाखतींची तयारी करणारे विद्यार्थी कोडिंगची आव्हाने एकमेकांच्या मदतीने सोडवतात. ही पद्धत चांगलीच आहे; परंतु बिटवाइज ऑपरेटरच्या, म्हणजे संख्येच्या बिटांवर (द्विमान पद्धतीतील ० आणि १ या अंकांवर) काम करणाऱ्या चिन्हांच्या प्रश्नांत काही ठरावीक चुका पुन्हा पुन्हा आढळतात आणि त्यांतील बहुतेक चुका कागदावर बिट मांडून पाहिले तर लगेच सापडतात.

सर्वांत फसवी चूक कंसाची आहे. & हे चिन्ह दोन्ही संख्यांत १ असलेलेच बिट ठेवते. 'न' ही संख्या सम आहे का, हे पाहण्यासाठी 'न & १ == ०' असे लिहिले, तर सी आणि सी++ या भाषा आधी '१ == ०' याची किंमत काढतात. ती शून्य येते आणि मग 'न & ०' होते; त्यामुळे संख्या कोणतीही असो, अट कधीच खरी ठरत नाही. जावा ही ओळ कंपाइल करतानाच नाकारते, तर पायथनमध्ये & चा अग्रक्रम (आधी किंमत काढली जाण्याचा मान) जास्त असल्याने तीच ओळ बिनचूक चालते; म्हणूनच पायथनकडून सी++ कडे वळणारा विद्यार्थी येथे हमखास अडतो. सीमधील अग्रक्रम तिची पूर्वज असलेल्या बी भाषेतून आला. तेथे & हेच चिन्ह तार्किक 'आणि'साठीही वापरले जाई; पुढे && आले, तरी सीचे निर्माते डेनिस रिची यांनी जुना क्रम तसाच ठेवला. उपाय सोपा आहे: '(न & १) == ०' असा कंस प्रत्येक वेळी द्यावा.

या भाषांत ^ हे घाताचे चिन्ह नाही; ते एक्सऑर आहे, म्हणजे दोन बिट वेगळे असतील तरच १ देते. '२ ^ ३' चे उत्तर १ येते. तसेच ~ हे चिन्ह सर्व बिट उलटवते; ~५ म्हणजे -६, कारण ऋण संख्या दोनच्या पूरक पद्धतीने (धन संख्येचे सर्व बिट उलटवून त्यात १ मिळवून) साठवल्या जातात.

ऋण संख्यांमुळेच आणखी एक अडचण उद्भवते. >> हे चिन्ह बिट उजवीकडे सरकवते, पण ऋण संख्या ऋणच ठेवते. जावात '-१ >> १' चे उत्तर पुन्हा -१ येते, त्यामुळे शून्य येईपर्यंत सरकवत राहणारे लूप कधीच थांबत नाही. तेथे >>> वापरावे; ते डावीकडे शून्य भरते. 'न & (न - १)' ही युक्ती सर्वांत उजवीकडचा १ पुसते, जसे १२ (११००) आणि ११ (१०११) यांपासून ८ (१०००) मिळते. मात्र संख्या दोनचा घात आहे का, हे याच युक्तीने (उत्तर शून्य आले तर घात) तपासताना शून्यही पात्र ठरते, म्हणून 'न > ०' ही अट जोडणे आवश्यक आहे.

मदत मागताना स्क्रीनचा फोटो पाठवून 'चालत नाही' एवढेच लिहू नये. भाषा कोणती, चुकणारे सर्वांत लहान इनपुट कोणते, अपेक्षित उत्तर काय आणि मिळाले काय, हे बिटसह लिहावे; कित्येकदा हे लिहितानाच चूक डोळ्यांसमोर येते. मदत करणाऱ्यानेही तयार ओळ हाती देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ४, ७, ४ यांतील एकटी संख्या एक्सऑरने ७ मिळते, कारण समान जोडी शून्य होते. एक्सऑरची ही ओळ केवळ पाठ केलेल्या विद्यार्थ्याला ४, ४, ४, ७ दिले, तर तिचे उत्तर ३ येते. येथे प्रत्येक स्थानावरील १ मोजून तीनने भागावे आणि बाकी घ्यावी: चारच्या स्थानी चार वेळा, दोन आणि एकच्या स्थानी एकेकदा; तिन्ही ठिकाणी बाकी १ उरते आणि ७ हे उत्तर मिळते.