गायरानाची तब्येत तपासायला गावातली माणसं कशी तयार करायची

माण-खटाव किंवा आटपाडी-जतकडं गायरानावर हे ट्रेनिंग घ्यायचं असेल तर दिवाळीच्या आत उरका. दिवाळी झाली की मेंढपाळ वाडा, म्हणजे कळप आणि बिऱ्हाड, घेऊन चराईला बाहेर पडतात, आणि गवत खरं ओळखणारी माणसं तीच. शिवाय तेव्हा गवताला तुरे असतात, मारवेल कुठलं न पवना कुठला हे कॉलेजच्या पोराला पण कळतं, मे महिन्यात नुसती बुडखं उरतात त्यावरनं काय ओळखणार डोंबल.

प्रोजेक्टर घरी ठेवा, थेट माळावर. आधी मेंढपाळाला विचारायचं, मेंढरं पहिलं तोंड कशाला लावतात आणि कशाला लावतच नाहीत? टाकळा, गाजरगवत तिथंच वेगळं पडतं. कुसळी गवत मात्र फसवतं, कोवळं असताना खातात पण पिकलं की कुसळं लोकरीत घुसतात, म्हणून नोंदीत तारीख पाहिजेच.

आता मेन काम, पावलांची लाईन. लांबचं एखादं झाड धरायचं, तिकडं सरळ चालायचं आणि दर दोन पावलांनी बुटाच्या टोकाला काय आलं ते लिहायचं: गवत, तण, वाळका पाला, दगड का उघडी माती. असे १०० पॉइंट घेतले की टक्केवारीची कटकटच नाही, ३८ वेळा माती आली तर ३८ टक्के उघडं. पोरं काट्याला वळसा घालतात आणि नकळत पाय हिरव्यावर टाकतात, म्हणून नजर झाडावरच ठेवायला सांगा आणि बुटाच्या टोकावर खडूनं रेघ मारून द्या.

मग त्याच लाईनवर दुसऱ्याला पाठवा, पहिल्याची वही न दाखवता. याला ३८ आणि त्याला ५५ आलं तर दोघांना तिथंच बसवून भांडू द्या, वाळलेलं बुडखं गवतात धरायचं का पाल्यात? ठरेल ते वहीच्या पहिल्या पानावर लिहायचं. माझ्या मते निम्मा वेळ यातच गेला पाहिजे, नाहीतर पुढच्या वर्षी माळ सुधारला का माणूस बदलला हे सांगता यायचं नाही.

चाऱ्यासाठी पाईपची १ मीटर बाय १ मीटर चौकट करा, आतलं गवत कापा, वाळवा, वजन करा. ग्रॅमला १० नं गुणलं की हेक्टरी किलो. १२० ग्रॅम म्हणजे १२०० किलो, त्यातलं निम्मं माळालाच सोडायचं, राहिलं ६०० किलो. ३० किलोच्या मेंढीला दिवसाला साधारण किलोभर वाळकं लागतं, म्हणजे हेक्टरी २० मेंढ्या महिनाभर. हा हिशोब मेंढपाळाला लगेच पटतो, पण चौकट दाट गवत बघून टाकू देऊ नका, आणि एकाच जागेवर भागवू नका, निदान दहा ठिकाणी टाका.

मातीचं बघायला मुळं उघडी पडलेली गवताची बेटं आणि पाण्यानं पाडलेल्या घळी शोधायच्या. फोटो दरवर्षी त्याच दगडावर उभं राहून, त्याच दिशेला. मोबाईल बदलला की फोटो गेलेच समजा, म्हणून प्रिंट वहीत चिकटवा आणि वहीची एक झेरॉक्स मेंढपाळाकडं राहू द्या.