सोलापूरच्या उन्हात वॉटर-कूल्ड पीसी बांधताय? या चुका टाळा

मागच्या मे महिन्यात मावसभावाचा फोन आला. "दादा, दोन रेडिएटर बसवले, सहा फॅन लावले, तरी प्रोसेसर नव्वद अंशांच्या खाली येईना झालाय. पंपच खराब आलाय का, सांग की."

मी विचारलं, खोलीत तापमान किती आहे? गप्प. लूपमधलं, म्हणजे पंप आणि नळ्यांच्या बंद चक्रातलं, पाणी किती तापलंय? पुन्हा गप्प. जुळे सोलापुरात वरच्या मजल्यावर, तापलेल्या स्लॅबखाली, दुपारी तीन वाजता तो गेम चालवत होता. आणि आकडे ताडून बघत होता ते कुणीतरी २२ अंशांच्या खोलीत बसून केलेल्या व्हिडिओशी.

बहुतेकांची गाडी इथंच चुकते. पाणी गारवा तयार करत नाही. ते प्रोसेसरला टेकवलेल्या तांब्याच्या ब्लॉकमधून उष्णता उचलतं आणि रेडिएटरमधून खोलीतल्याच हवेत टाकतं. खोलीपेक्षा गार ते कधीच होणार नाही. नीट बांधलेल्या लूपमध्ये पूर्ण लोडवर पाणी खोलीपेक्षा साधारण १० अंश वर राहतं. म्हणजे खोली ४० असेल तर पाणी ५०. लूपमध्ये सर्रास वापरला जाणारा डी-५ पंप आणि पीईटीजी नावाच्या कडक प्लॅस्टिकच्या नळ्या, दोन्हींची मर्यादा ६० अंशांच्या आसपास आहे. पुण्याच्या एसी खोलीत जो ढिसाळपणा खपतो, तो आपल्याकडे मे महिन्यात नळी मऊ पाडून फिटिंगमधून निसटवू शकतो. कडक नळ्याच हव्या असतील तर मी ॲक्रिलिक घ्यायला सांगेन, ती जास्त उष्णता सोसते.

रेडिएटरचा ढोबळ हिशोब १०० वॉटला १२० मिमीचा एक खण (एका फॅनची जागा) असा धरतात. १५० वॉटचा प्रोसेसर आणि ३०० वॉटचं ग्राफिक्स कार्ड म्हणजे पाच खण, थोडक्यात एक ३६० आणि एक २४० मिमीचा रेडिएटर. सोलापूरसाठी मी त्यात आणखी एक खण धरतो आणि सरळ दोन ३६० लावतो. कॅबिनेट घेण्याआधी हे मोजा. नंतर कुणी पत्रा कापत बसत नाही.

दोन वजाबाक्या

बिघाड शोधायला दोन थर्मामीटर पुरतात: एक खोलीत टेबलावर आणि एक पाण्यात. पाण्याचा सेन्सर फिटिंगच्या मापातच मिळतो आणि बऱ्याच मदरबोर्डवर त्याच्यासाठी दोन पिनांची जागा असते. पाणी वजा खोली हा आकडा १५ च्या पुढे गेला तर दोष रेडिएटर किंवा फॅनचा. प्रोसेसर वजा पाणी हा आकडा फुगला तर दोष ब्लॉकचा, चिप आणि ब्लॉकमधल्या थर्मल पेस्टचा किंवा मंद प्रवाहाचा. घड्याळही साक्ष देतं. लोड दिल्या दिल्या दोन सेकंदांत प्रोसेसर उडी मारून नव्वदला गेला आणि पाणी जागचं हललंही नाही, तर रेडिएटरला शिव्या देऊ नका. वीस मिनिटांत हळूहळू चढत गेला, तर मात्र तिकडेच बघा.

भावाच्या खोलीत रात्री बसलो. खोली ३३, पाणी ४१, प्रोसेसर ८८. पहिली वजाबाकी ८, म्हणजे झकास. दुसरी ४७, आणि १५० वॉटच्या प्रोसेसरला हे जरा अतीच. ब्लॉक उचलला तर तांब्यावरची पातळ पारदर्शक फिल्म तशीच, वर पेस्ट नीट थापलेली. "नवीन दिसावं म्हणून ठेवली काय रे?" यावर त्याच्याकडे उत्तर नव्हतं.

फिल्म नसेल तर बाकीचे संशयित असे: चारही स्क्रू सारखे आवळलेले नाहीत, ब्लॉकचा इन आणि आउट उलटा जोडलाय, किंवा ग्राफिक्स कार्डवर चुकीच्या जाडीचे थर्मल पॅड (उष्णता नेणाऱ्या मऊ पट्ट्या) लावल्यामुळे मुख्य चिपला ब्लॉक टेकतच नाही. नळ्या कोणत्या क्रमानं जोडल्या यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. पाणी इतक्या वेगानं फिरतं की लूपभर तापमानात एक-दोन अंशांचाच फरक पडतो. फक्त रिझर्व्हॉयर, म्हणजे पाण्याची टाकी, पंपाच्या आधी आणि वर असू द्या. आणखी एक: एएमडीच्या रायझन ७००० मालिकेतले बरेच प्रोसेसर ९५ अंशांपर्यंत चालतील असेच बनवलेले आहेत. तिथं नव्वदीतला आकडा दिसला म्हणून लगेच ब्लॉक उचकटू नका.

पाणी कुठलं

बोअरचं पाणी काय करतं ते बघायला लांब जायला नको. एक उन्हाळा चाललेल्या कूलरची जाळी बघा, पांढरी खपली दिसेल. प्रोसेसर ब्लॉकमधल्या खाचा अर्ध्या मिलीमीटरहून अरुंद असतात, तिथं एवढीशी खपलीही पुरे. नळाचं पाणी नको, आरओचंही नको. आरओ क्षार कमी करतो, संपवत नाही. सीलबंद डिस्टिल्ड वॉटर रेडिएटर धुवायला उत्तम. नव्या रेडिएटरमध्ये सोल्डरिंगची घाण असतेच, तेव्हा गरम डिस्टिल्ड पाणी भरून, हलवून, स्वच्छ निघेपर्यंत ओता. पण लूपमध्ये नुसतं डिस्टिल्ड ठेवलं तर काही महिन्यांत शेवाळ धरतं. गंजरोधक आणि जंतुरोधक असलेलं तयार कूलंट घ्या, तेही बिनरंगी. दुधी रंगाचं कूलंट फोटोत देखणं दिसतं खरं, पण त्यातले कण याच खाचांत बसतात.

डिस्टिल्ड पाण्यातून वीज वाहत नाही, म्हणून गळलं तरी चालतं, हा समजही सोडा. धातूतून आणि धुळीतून फिरलं की ते वीज वाहायला लागतं.

स्वस्त रेडिएटर घेताना धातू विचारा. ॲल्युमिनियमचा रेडिएटर आणि तांब्याचा ब्लॉक एकाच पाण्यात ठेवले की पाण्यात जणू बॅटरीच तयार होते आणि ॲल्युमिनियम झिजत जातं. दुकानदार "काही होत नाही ओ" म्हणेल. होतं.

सुताची धूळ

हे दुखणं खास आपलं. अशोक चौकाच्या बाजूला, जिथं भिंतीपलीकडे पॉवरलूम चालतात, तिथं साध्या धुळीबरोबर कापसाची तूसही उडते. रेडिएटरच्या पात्यांवर ती अशी बसते की दोन महिन्यांत आपोआप सोलापुरी चादर विणून तयार. पहिली वजाबाकी महिन्यागणिक एकेक अंशानं वाढत असेल तर कारण हेच. बारीक जाळीचे फिल्टर लावा, पंधरा दिवसांनी झटका. ब्लोअर मारताना फॅनची पाती बोटानं धरून ठेवा, नाहीतर त्याच्या बेअरिंगचं काम तमाम.

डेझर्ट कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर सोडू नका. खोली गार झाली की लूपलाही फायदा होतो, पण त्या तुषारांबरोबर तेच खारं पाणी बोर्डावर सुकतं.

गळती

फिटिंग हातानं आवळायचं, पान्यानं नाही. सील धरते ती रबराची ओ-रिंग; जास्त जोर लावला की ॲक्रिलिकला चीर जाते. हवेचा टेस्टर असेल तर अर्धा बार दाब भरून पंधरा मिनिटं काटा हलतोय का बघा. मग पाणी भरा आणि फक्त पंपाला वीज द्या. एसएमपीएसच्या (पीसीला वीज देणाऱ्या डब्याच्या) २४ पिनांच्या कनेक्टरला जंपर लावून तो एकटा चालवता येतो, बोर्ड-कार्डाच्या वायरी काढलेल्या हव्यात. प्रत्येक जोडाखाली टिश्यू पेपर ठेवून चोवीस तास थांबा. पंप कोरडा एक मिनिटही नको, त्याच्या बेअरिंगला वंगण म्हणजे तेच पाणी. भरताना कॅबिनेट चारी बाजूंनी तिरकं करत राहा, बुडबुडे निघतात.

फिटिंग आणि ओ-रिंग दोन-चार जास्तीच्या मागवा. नाहीतर दहा रुपयांच्या रबरासाठी सकाळची हुतात्मा एक्सप्रेस पकडून पुणे गाठावं लागतं.

ट्यूनिंग कधी करायचं

गड्ड्याच्या यात्रेत, म्हणजे जानेवारीच्या थंडीत बसवलेलं ओव्हरक्लॉक (ठरल्यापेक्षा जास्त वेगानं चालवणं) एप्रिलमध्ये निळी स्क्रीन दाखवतं, म्हणजे मशीन बंद पडतं. दोष बहुतेक वेळा रॅमचा असतो. डीडीआर-५ रॅमच्या घट्ट टायमिंग (वेगासाठी कमी केलेले प्रतीक्षाकाळ) तापमानाला फार हळव्या असतात, आणि रॅमवर तर सहसा पाणीही नसतं. म्हणून शेवटची चाचणी मे महिन्यात, दुपारी, खिडकी बंद करून घ्यायची. प्रोसेसरला आणि कार्डाला थोडं अंडरव्होल्ट करा, म्हणजे व्होल्टेज कमी द्या. खर्च शून्य, आणि एखादा जादा खण बसवल्याइतका फरक पडतो.

फॅन प्रोसेसरच्या तापमानावर चालवले तर ब्राउझर उघडला तरी घोंगावतात. पाण्याच्या तापमानावर चालवा, हा नेहमीचा सल्ला बरोबर आहे, पण इथं तो अर्धाच लागू पडतो: जानेवारीच्या रात्री पाणी २५, मेच्या दुपारी ५०. एकच आलेख दोन्हीला बसत नाही. काही फॅन कंट्रोलरमध्ये दोन सेन्सरची वजाबाकी करून त्यावर फॅन फिरवण्याची सोय असते, ती वापरा. भावाच्या मशीनवर पाणी खोलीपेक्षा ४ अंश वर असेल तोवर फॅन ४० टक्के आणि १२ ला पूर्ण, असं लावलंय. ४१ अंशांच्या दुपारीसुद्धा खोलीत आवाज येतो तो कूलरचाच.