बाहेरच्या पोर्ट्रेटसाठी लार्ज फॉरमॅट (मोठ्या सुट्या फिल्मचा) कॅमेरा घेताय? या चुका टाळा

पहिली चूक म्हणजे मूव्हमेंट्स, म्हणजे लेन्स आणि फिल्म सरकवायच्या-कलवायच्या सोयी, बघून भुलणं. इमारतींचे फोटो काढणाऱ्याला भरपूर राइज (वर सरकवणं) आणि शिफ्ट (बाजूला सरकवणं) लागतो, चेहऱ्याला नाही. थोडा फ्रंट राइज, क्वचित टिल्ट (कलवणं), एवढ्यावर भागतं. जड मोनोरेल (एका दांड्यावर बसवलेला स्टुडिओ कॅमेरा) खांद्यावर वागवण्याची हौस असेल तर गोष्ट वेगळी.

बघायचा तो बेलोज, म्हणजे लेन्स आणि फिल्म यांच्यामधला ताणता येणारा भाता. ४×५ इंची फिल्मवर पोर्ट्रेटसाठी साधारण २१० ते ३०० मिमीच्या लेन्स वापरतात. फ्रेममध्ये फक्त डोकं आणि खांदे घ्यायचे, म्हणजे फिल्मवरचं चित्र प्रत्यक्षाच्या पाव आकाराचं, तर ३०० मिमी लेन्सला सुमारे ३७५ मिमी बेलोज लागतो. घडीच्या बऱ्याच कॅमेऱ्यांचा बेलोज ३०० च्या आसपासच संपतो. मग दूरचा डोंगर स्पष्ट आणि समोरचा माणूस धूसर! २१० मिमीचं काम २६५ मध्ये होतं, म्हणून हलक्या कॅमेऱ्यावर मी तीच सुचवेन. जवळचे फोटो सतत अंडर (काळपट) येत असतील तर लाइट मीटरला दोष देऊ नका. इतका ताणलेला बेलोज दोन तृतीयांश स्टॉप प्रकाश खातो (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा).

डोळे सॉफ्ट येणं ही सर्वांत मोठी तक्रार. एवढ्या जवळून एफ/५.६ ला डेप्थ (स्पष्ट दिसणारी खोली) जेमतेम दोन-तीन सेंटिमीटर. फोकस केल्यावर शटर बंद करा, कॉक करा (चाप ओढून सज्ज करा), फिल्मचा होल्डर सरकवा, फिल्म झाकणारी डार्क स्लाइड ओढा. तोवर माणूस डुललेला असतो. त्याला पाठ टेकवून बसवा, एफ/११ वर जा. किंवा लिनहॉफ टेक्निकासारखा रेंजफाइंडर (अंतर मापून फोकस दाखवणारी खिडकी) असलेला कॅमेरा घ्या, पण त्यातला कॅम (रेंजफाइंडर लेन्सशी जोडणारी पट्टी) तुमच्याच लेन्सशी जुळवलेला हवा. फोकस दर वेळी एकाच दिशेला चुकत असेल तर ग्राउंड ग्लास (फोकस बघायची दुधी काच) किंवा तिच्यासोबतची फ्रेनेल (चित्र उजळ करणारी भिंगपट्टी) उलटसुलट बसवलेली असण्याची शक्यता जास्त.

क्राउन ग्राफिक हा जुना प्रेस कॅमेरा स्वस्त आणि काटक, पण त्याची बॅक (फिल्म बसते ती मागची बाजू) फिरत नाही. उभ्या फ्रेमसाठी अख्खा कॅमेरा आडवा करावा लागतो.

शटरही तपासा. मोठ्या लेन्सवरचं कोपाल ३ हे शटर फक्त १/१२५ सेकंदापर्यंत जातं. आयएसओ १०० ला भर उन्हात एफ/५.६ वर सुमारे १/८०० हवा, म्हणजे एनडी (प्रकाश कमी करणारा) फिल्टर लावा नाहीतर सावली गाठा.

सेकंडहँड घेताना अंधाऱ्या खोलीत बेलोजच्या आत टॉर्च लावून कोपरे बघा. भोकं तिथेच पडतात.