दमवणाऱ्या नोकरीवर रुजू होण्याआधी प्रवास करावा की करिअरची तयारी? हे कसं ठरवावं

नोकरी पक्की झाली आहे. काम रात्री उशिरापर्यंत चालणारं आणि पहिली दोन वर्षं मान वर करू न देणारं आहे, हे सगळ्यांनी सांगून झालं आहे. रुजू व्हायला मात्र अजून काही आठवडे आहेत. एक मन म्हणतं, बॅग भर आणि निघ. दुसरं म्हणतं, एखादा कोर्स उरक, जमलं तर लवकरच रुजू हो, बाकीच्यांच्या दोन पावलं पुढे राहशील.

या पेचात सापडल्यावर बरेच जण ‘आयुष्यात मोठं काय, अनुभव की प्रगती?’ या प्रश्नावर डोकं शिणवतात. तो प्रश्न बाजूला ठेवा. तुमच्यापुढे फक्त या काही आठवड्यांचा प्रश्न आहे आणि त्यासाठी माझ्या मते एकच कसोटी पुरते: यातलं नंतर मिळणार नाही असं काय आहे? पण तिच्याकडे वळण्याआधी दोन रुक्ष कामं करावी लागतात.

पायरी १: हातात खरोखर किती दिवस आहेत ते मोजा

नियुक्तीपत्र लेखी मिळेपर्यंत एकही तिकीट काढू नका. तोंडी होकार म्हणजे नोकरी नव्हे. पत्र आल्यावरही कागदपत्रांची पडताळणी, वैद्यकीय तपासणी, आधीच्या ठिकाणचं कार्यमुक्तीपत्र अशी कामं उरतात आणि त्यांतली काही तुम्ही समोर असल्याशिवाय होत नाहीत. ती कोणती आणि कधी, हे मनुष्यबळ विभागाला आत्ताच विचारून घ्या.

मग कॅलेंडर घेऊन वजाबाकी करा. सध्याच्या नोकरीचा नोटीस कालावधी वजा करा. नव्या शहरात जायचं असेल तर घर शोधण्याचे आणि सामान हलवण्याचे दिवस वजा करा. परतल्यावर किमान पाच दिवस मोकळे ठेवा. लांबचा विमानप्रवास असेल तर शरीराचं घड्याळ जुळायला ढोबळ हिशेबाने प्रत्येक टाइम झोनमागे एक दिवस लागतो. सहा-सात तासांच्या फरकातून शनिवारी उतरून सोमवारी कामावर हजर होणं म्हणजे पहिला आठवडा पेंगत काढणं. पहिल्या आठवड्यात सगळी नावं, कामाच्या पद्धती आणि वरिष्ठांच्या अपेक्षा एकदमच समजून घ्यायच्या असतात. तो आठवडा वाया घालवू नये.

दोन महिने वाटणारा काळ या वजाबाकीनंतर अनेकदा पाच आठवड्यांवर येतो. पुढचा सगळा विचार या खऱ्या आकड्यावर करा.

पायरी २: पहिला पगार हाती पडेपर्यंतचे पैसे बाजूला काढा

पगार काम केल्यानंतर मिळतो. महिन्याच्या मध्यावर रुजू झालात आणि त्या महिन्याची पगारपत्रकं आधीच बंद झालेली असली, तर पहिला पगार पुढच्या महिन्याच्या अखेरीस येऊ शकतो. म्हणून घराची अनामत आणि दोन महिन्यांचा खर्च आधी वेगळा ठेवा, उरलेल्यातूनच प्रवास करा. क्रेडिट कार्डावर किंवा कर्ज काढून फिरायला जाऊ नका. नवी नोकरी आपल्याला झेपत नाही असं पहिल्या काही महिन्यांत कळलं, तर ती सोडण्याचं स्वातंत्र्य हवं. डोक्यावर हप्ते असले की ते उरत नाही.

आरोग्य विम्यातली फटही तपासा. जुन्या कंपनीचं विमासंरक्षण बहुधा शेवटच्या दिवशी संपतं आणि नव्या कंपनीचं रुजू झाल्यावर सुरू होतं. मधल्या काळात घरीच राहणार असाल तरी या फटीचा बंदोबस्त करा.

पायरी ३: नंतर काय मिळणार नाही?

हीच खरी पायरी. घाई न करता एक पूर्ण संध्याकाळ हिला द्या. या आठवड्यांत कराव्याशा वाटणाऱ्या सगळ्या गोष्टी लिहा, प्रवासाच्याही आणि करिअरच्याही. प्रत्येकीपुढे लिहा: नोकरी लागल्यावर हे करता येईल का? येत असेल तर कशाला कात्री लागेल?

प्रवासाच्या यादीतल्या सगळ्या गोष्टी सारख्या नसतात. एखादं शहर पाहायचं असेल तर ते जोडून आलेल्या सुट्ट्यांत चार दिवसांत पाहता येतं, पुढच्या वर्षीही आणि पाच वर्षांनीही. एव्हरेस्ट बेस कॅम्पच्या ट्रेकचं तसं नाही. त्याला साधारण १२ ते १४ दिवस सलग लागतात आणि ते पैसे टाकून कमी करता येत नाहीत. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर मुक्कामाची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं, असं डॉक्टर सांगतात. रजा कमी आहे म्हणून हा वेग वाढवला तर जिवावर बेतू शकतं. स्पेनमधली कामिनो दे सांतियागोची पदयात्रा फ्रान्सच्या सीमेवरून सुरू केली तर सुमारे ७८० किलोमीटरची आहे. चालायला महिनाभर किंवा थोडा जास्त वेळ लागतो. सलग महिनाभराची रजा देणाऱ्या नोकऱ्या थोड्या, आणि दमवणाऱ्या नोकऱ्यांत त्याहून थोड्या. असा प्रवास मनात असेल तर त्याच्यापुढे ठळक खूण करा.

काही गोष्टींना वयाची मर्यादा असते. ऑस्ट्रेलियाच्या वर्किंग हॉलिडे व्हिसाला (फिरता फिरता तिथे कामही करू देणारा व्हिसा) बहुतेक पात्र देशांच्या नागरिकांसाठी १८ ते ३० वर्षं ही अट आहे, काही देशांसाठी ३५ पर्यंत. आणि काही गोष्टी माणसांमुळे निसटतात. आजी अजून चालू शकते आणि तिला एक ठिकाण दाखवायचं राहिलं आहे, असं असेल तर त्या ओळीपुढे मी दुसरा विचार करणार नाही.

आता करिअरची यादी याच कसोटीवर घासा. ऑनलाइन कोर्स कुठेही पळून जात नाही. जे सॉफ्टवेअर किंवा जी कार्यपद्धती नोकरीत पहिल्या महिन्यातच शिकवली जाणार आहे, ती आधी एकट्याने शिकून मिळणारी आघाडी फार लवकर विरते, कारण प्रत्यक्ष कामात तुमच्या बरोबरचे लोक तितक्यात तिथे पोचतात. पण ठरावीक तारखेलाच होणारी परवाना परीक्षा, अर्धवट राहिलेला प्रबंध, ज्यांच्या हाताखाली शिकण्याची संधी एरवी मिळणार नाही अशा व्यक्तीकडचं सहा आठवड्यांचं काम, ठरलेल्या तुकडीबरोबरच होणारं प्रशिक्षण या गोष्टी खरोखर हातच्या जातात. कामाच्या ठिकाणची भाषा कच्ची असेल तर तीही याच रकान्यात धरा, कारण नोकरीच्या रगाड्यात भाषा शिकायला वेळ सापडणं कठीण असतं आणि तिची उणीव मात्र रोज जाणवते.

दोन्ही गोष्टी कालक्रमात एकामागोमाग बसतात का, हेही पाहा. अमेरिकेत वकिलीची बार परीक्षा फेब्रुवारी आणि जुलैच्या अखेरीस होते. जुलैची परीक्षा देणारे अनेक जण शरद ऋतूत लॉ फर्ममध्ये रुजू होतात आणि मधल्या काळात प्रवासाला जातात. ही रीत इतकी रुळलेली आहे की तिला ‘बार ट्रिप’ असं नावच आहे. आधी परीक्षा, मग प्रवास, मग नोकरी. तुमच्याही तारखा अशा बसत असतील तर निवड करण्याची गरजच नाही.

कुठल्याच ओळीपुढे खूण झाली नाही, असंही होतं. मग घरी राहा, झोप भरून काढा, रेंगाळलेली कामं उरका. त्यात काहीही कमीपणा नाही.

पायरी ४: दिवस कमी पडत असतील तर तारीख पुढे मागा

अनेक जण ही मागणी करायलाच घाबरतात. वास्तविक नियुक्तीपत्र आल्यानंतर आणि त्यावर सही करण्याआधी ही विचारणा करणं अगदी रीतसर आहे. खोटं आजारपण किंवा कुणाचं लग्न मध्ये आणू नका. नव्या जागी पहिलं पाऊल खोट्यावर ठेवू नये. साधं लिहा: ‘नियुक्तीबद्दल मनापासून आभार. रुजू होण्याची तारीख १ जुलै आहे. एका दीर्घ प्रवासासाठी ती २२ जुलै करून मिळाली तर बरं होईल. कामाची त्यामुळे अडचण होणार असेल तर मूळ तारीख मला मान्य आहे.’

शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे, पण ते खरं असेल तरच लिहा. होकार आला तर सुधारित तारीख लेखी घ्या. रुग्णालयातलं निवासी डॉक्टरचं पद किंवा तुकडीने सुरू होणारं प्रशिक्षण असेल तर तारीख सहसा हलत नाही. तिथे आग्रह धरू नका. कंपनी अडचणीत असल्याच्या किंवा भरती थांबवल्याच्या बातम्या कानावर येत असतील, तर तारीख पुढे न मागता वेळेवर रुजू व्हा.

पायरी ५: ठरवलं की त्यातच राहा

प्रवास ठरवलात, तर तो ‘वर्षभराची ऊर्जा भरून घ्यायला’ करू नका. लांब सुट्टीवर गेलेल्या नोकरदारांचा नेदरलँड्समधल्या संशोधकांनी अभ्यास केला, तेव्हा सुट्टीतलं स्वास्थ्य आठव्या दिवसाच्या सुमारास सर्वांत वर गेलेलं दिसलं आणि कामावर परतल्यावर पहिल्या आठवड्यातच ते पूर्वपदावर आलं. विश्रांती साठवून ठेवता येत नाही. पाहिलेलं, चाललेलं, भेटलेली माणसं मात्र उरतात. म्हणून ज्या जागेची मनापासून ओढ आहे तिथेच जा. केवळ दमणूक टाळण्याच्या आशेने कुठेतरी जाऊ नका.

कागदपत्रांची तयारी लगेच सुरू करा. अनेक देशांना पासपोर्टची मुदत अजून ६ महिने शिल्लक असलेली लागते. युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच लागणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून करता येतो आणि किमान १५ दिवस आधी करावाच लागतो. निर्णय एरवी १५ दिवसांत होतो, पण ४५ दिवसांपर्यंतही लांबू शकतो. पीतज्वराची (यलो फीव्हर) लस सक्तीची असलेल्या देशात जायचं असेल तर तिचं प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर १० दिवसांनी ग्राह्य होतं. ‘बघू, पुढच्या आठवड्यात’ म्हणता म्हणता प्रवास इथेच हुकतो.

करिअरची बाजू निवडलीत, तर एकच काम घ्या आणि ते कधी संपलं म्हणायचं हे आधी ठरवा: अमुक परीक्षा, प्रबंधाचं अमुक प्रकरण. रुजू होण्याआधीचा शेवटचा आठवडा त्यातून मोकळा ठेवा.

दिवसा फिरायचं आणि रात्री मुक्कामी लॅपटॉप उघडून कोर्स करायचा, ही तडजोड मला मुळीच पटत नाही. त्यात अभ्यास होत नाही आणि मन जागेवर नसल्यामुळे प्रवासही होत नाही. दोन्ही हवेच असतील तर आठवडे वाटून घ्या.

निवड कोणतीही असो, राहून गेलेल्या गोष्टीची सोय आत्ताच करून ठेवा. परिविक्षा काळात (प्रोबेशनमध्ये) किती रजा मिळते, ती सलग किती दिवस घेता येते, शिल्लक रजा पुढच्या वर्षात जाते का आणि परीक्षेसाठी वेगळी रजा आहे का, हे सही करण्याआधी मनुष्यबळ विभागाला विचारा आणि उत्तर ईमेलवर घ्या.